बिनइंजिनाचे चीफ

माझ्या औषधाच्या दुकानात हल्ली औषध न मागणारी गिऱ्हाइकं फार येतात. गळ्यात दुर्बीण, पायांत चिखल, अंगात तो शंभर खिशांचा जामानिमा. हेदवीला दर्शन घेऊन खाली उतरतात आणि विचारतात, ते पाणमांजरवाले काका कुठे राहतात? मी सांगते, काका आता नाहीत. चेहरे पडतात. मग मी त्यांना दुकानाच्या मागच्या दारातून खाडी दाखवते आणि म्हणते, पाणमांजरं आहेत, भेटतील, पण पाण्यावर बोलायचं नाही. हे मी इतक्या रुबाबात सांगते की आत बसलेला माझा नवरा मुद्दाम खोकतो. खोकू दे. चीफ आमच्या गावात होऊन गेले, त्याचा रुबाब आम्ही नाही करायचा तर कुणी करायचा?

चीफ म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले दत्तारामकाका. सगळा जन्म मालवाहू जहाजांवर काढला, खालून वर चढत चढत चीफ इंजिनिअर झाले. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बायको गेलेली होती, मुलगी पुण्यात संसाराला लागली होती आणि इंजिनरूमच्या घरघरीने दोन्ही कानांचं वाटोळं झालेलं होतं. कानातल्या यंत्राचे सेल ते माझ्याकडून नेत. ओळख तिथून वाढली. मी माहेरची लांज्याची, पाण्याशी संबंध विहिरीपुरता. त्यांना ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जशा नजरेने पाहिलं, तशा नजरेने डॉक्टरही रोग्याकडे पाहत नाहीत.

एवढा मोठा इंजिनिअर, तेव्हा आता घेतील एखादी झकास इंजिनाची बोट, असं गाव धरून चाललं होतं. एक दिवस टेम्पो आला. त्यातून उतरली एक लांबलचक पिवळी प्लास्टिकची वस्तू. टेम्पोवाला वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता की कुणाच्या तरी न्हाणीघरातला टब आहे. बघायला सगळी वाडी जमली. त्यात म्हादूकाका पुढे. म्हादूकाका हे चीफांचे शाळेपासूनचे दोस्त आणि शाळेपासूनचेच विरोधक. त्यांची शेती खाडीला लागून, बांधाच्या आत. त्यांनी त्या वस्तूभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "इंजान कुठाय?"

"नाय," चीफ म्हणाले.

"ईसारलास?"

"म्हाद्या, जन्मभर इंजिनाच्या पोटात राहिलो. सगळे समुद्र फिरलो आणि एक बघितला नाय. समुद्र आमच्या डोक्यावर असायचा. आता बघायचाय."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. जहाजाची इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते. खिडकी नाही, आभाळ नाही. लोक पैसे मोजून ज्या सामुद्रधुन्या बघायला जातात, त्या चीफांनी इंजिनावरचा भार कमीजास्त झाल्यावरून ओळखलेल्या. तर ती वस्तू म्हणजे कयाक होती. दोन माणसांची, एकापाठी एक बसून पॅडलने वल्हवायची. पोहण्यातला 'पो' न कळणारं माणूसही त्यात बुडत नाही, असं चीफ म्हणत. गावाने त्यावर विश्वास ठेवायला बराच काळ घेतला.

चीफ नम्र वगैरे अजिबात नव्हते. तसं चित्र मी रंगवलं तर वरून ओरडतील. खाडीला ते 'माझी खाडी' म्हणत, जशी काही खरेदीखत करून घेतलेली. रोज कयाकमध्ये बसायला पांढरा, कडक इस्त्रीचा बॉयलर सूट, म्हणजे इंजिनरूममधला तो गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध पोशाख, घालून निघत. चिखलात पांढरा का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, चीफचा पांढराच असतो. कानातलं यंत्र मात्र खाऱ्या पाण्याने बिघडतं म्हणून घरी साबणाच्या डबीत ठेवून जात. म्हणजे पाण्यावर गेले की ठार बहिरे. आणि निघताना माझ्या पायरीवर उभे राहून आपण कुठे जातोय ते इतक्या मोठ्याने सांगत की पलीकडच्या वाडीतलेही 'बरं' म्हणत.

पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या हातून एक चूक झाली. ती जहाजाच्या इंजिनिअरलाच शोभणारी होती. जहाजावर पाळी ठरलेली असते, त्याप्रमाणे त्यांनी रोज ठराविक वेळेला पाण्यात जायचं आणि ठराविक वेळेला परतायचं ठरवलं. खाडी काही कुणाच्या घड्याळावर चालत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत. महासागर ओलांडलेला हा माणूस ओहोटी विसरला. पाणी गेलं आणि कयाक भर चिखलात बसली. उतरावं तर मांडीपर्यंत रुतायला होणार. चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका काठाने घरी चालल्या होत्या. त्यांनी हाका मारल्या, "चीफ, ढकलू काय वो?" चीफांना ऐकू आलं नाही. बायका नमस्कार करताहेत असं समजून त्यांनी बसल्या जागेवरून सलाम ठोकला. त्या हसत हसत निघून गेल्या आणि चीफ भरतीची वाट बघत एकटे राहिले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. आधी त्यांनी जहाजावरच्या सगळ्या भाषांत शिव्या दिल्या. त्या संपल्यावर करायला काही उरलं नाही. हलता येईना. मग चिखल हलायला लागला. आधी निवटे बाहेर आले, ते चिखलावर उड्या मारत चालणारे बटबटीत डोळ्यांचे मासे. मग एकच नांगी मोठी असलेले खेकडे आले आणि ती नांगी वर-खाली करायला लागले. त्यानंतर काठच्या खारफुटीच्या, तिवरांच्या मुळांतून पाणमांजरांचं अख्खं कुटुंब घसरत खाली आलं आणि कयाकच्या इतक्या जवळ चिखलात लोळलं, कुस्त्या खेळलं, की बॉयलर सूटवर शिंतोडे उडाले. कयाक म्हणजे वाहून आलेला ओंडका असावा, असा त्यांचा समज झाला होता. चीफांनी श्वाससुद्धा मोजून घेतला.

भरती आल्यावर सुटले ते थेट माझ्या दुकानात. यंत्र कानात नाही, अंगभर चिखल, आणि दुकानात गर्दी. त्यांनी सगळं प्रकरण टिपेच्या आवाजात सांगितलं. मध्येच थांबवायची सोय नव्हती, कारण थांबा म्हटलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आली होती, ती शेवटपर्यंत खोकली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. जाऊन फक्त तरंगत राहायचं. शोधायचं नाही, पाठलाग करायचा नाही, बोलायचं नाही. आणि न बोलता एकमेकांना सांगायचं कसं, याची विद्या त्यांच्याकडे होतीच. इंजिनरूममध्ये कानठळ्या बसणाऱ्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, तिथे सगळा कारभार हातांच्या खुणांनी चालतो. त्यांनी त्या खुणा खाडीत आणल्या. खांद्यावर चार बोटं टेकवली की कॅप्टन, कारण कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्टे. आमच्या खाडीत कॅप्टन म्हणजे ब्राह्मणी घार. पांढरं डोकं, तपकिरी गणवेश, दिवसभर वरून बघत फिरते आणि काम दुसऱ्याने करावं अशी अपेक्षा ठेवते, असं चीफांचं स्पष्टीकरण. खंड्या म्हणजे इलेक्ट्रिशियन. निळी ठिणगी उडते आणि काम झालेलं असतं. एका पायावर तासन्‌तास उभा राहणारा राखी बगळा म्हणजे सेकंड इंजिनिअर, पण त्याच्याविषयी ते जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाणमांजरांची खूण म्हणजे हाताचा पंजा लाटेसारखा पुढे सरकवायचा. त्यांना ते 'क्रू' म्हणत. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना धड माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

मला त्यांनी एकदा बळेच पुढच्या जागेवर बसवलं. अंगात फुगीर जाकीट घातलं, तरी मी देवाचं नाव घेत होते. जरा आत गेलो नाही तोच तिवरांतून बगळा उडाला आणि मी "अगो बाई" म्हटलं. चीफांनी एक अक्षर न बोलता कयाक फिरवली आणि मला काठाला आणून सोडलं. बहिऱ्या माणसाला माझं "अगो बाई" कळलं कसं? घरी यंत्र कानात घातल्यावर विचारलं, तर म्हणाले, तुझ्या पाठीवरून कळलं. दुसऱ्या खेपेला मी ओठ मिटून बसले आणि तेव्हा त्यांनी मला त्यांची खास गंमत दाखवली. पॅडलचं एक पातं पाण्यात बुडवून दांड्याचं दुसरं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं. इंजिनाच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर लावून असंच ऐकतात म्हणे. मीही टेकवलं. खालून कुरकुर, टकटक, मग बेडकासारखं डरांव डरांव. ढोमे बोलत होते. मासे बोलतात हे मला चाळिशीनंतर कळलं, आणि तेही ज्याला माझी हाक ऐकू येत नाही अशा माणसाकडून. त्या दिवशी घरी येऊन मी ढोम्याचं कालवण केलं नाही. पुढच्या आठवड्यात केलं.

हळूहळू अर्ध्या गावाला त्या खुणा येऊ लागल्या. देवळात कीर्तन चालू असताना बायका एकमेकींना खांद्यावर चार बोटं दाखवायच्या, म्हणजे सरपंच आले. एकटे म्हादूकाका तेवढे शिकले नाहीत. पाणमांजरं त्यांचं जाळं फाडून मासे खात. चीफांच्या क्रूचं नाव काढलं की ते थुंकत.

आणि मग एका थंडीत बांध फुटला.

आमच्या खालच्या वाडीची शेती खाडीच्या पाण्यापासून एका जुन्या दगडमातीच्या बांधाने वाचलेली आहे. एका मोठ्या उधाणाला त्याला भगदाड पडलं. म्हादूकाकांचा कुळीथ-पावटा खाऱ्या पाण्याने करपला. त्याहून वाईट म्हणजे त्यांची विहीर तिथून जवळ होती, आणि वाडीतली बरीच घरं तिचंच पाणी पीत. पुढचं उधाण आत आलं असतं तर विहीर खारी झाली असती. ग्रामपंचायतीने खोदायचं मशीन ठरवलं. ते बांधावरून चालत येणार आणि भगदाड भरून टाकणार. सगळ्यांनी हुश्श केलं.

चीफ सोडून. कारण भगदाडाच्या शेजारीच, बांधाच्या सुटलेल्या दगडांत पाणमांजराच्या मादीचं बीळ होतं आणि आत पिल्लं होती. मशीन त्यावरूनच जाणार होतं.

देवळात सभा बसली. चीफ कानात यंत्र घालून आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी सांगितलं की मशीन नको, आपण हातांनी बांध घालू. भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो आणि ओहोटी भर दुपारी मिळते, तेवढ्यात होडीतून चिरे आणि मातीच्या गोणी आणायच्या, पलीकडच्या बाजूने भगदाड बुजवत यायचं आणि बिळाची कड तशीच सोडायची. आणि काम करायचं ते मुकाट्याने, नाहीतर मादी पिल्लं टाकून जाईल.

म्हादूकाका उठले. त्यांचा मुलगा लोट्याला कंपनीत पाळीवर असतो, घरी ते आणि काकीच. ते म्हणाले, "माज्या इरीत खारा पानी जायाची पाळी आली नि तू उंदरांचा बाळंतपन करतोस?"

सभा म्हादूकाकांच्या बाजूने होती. मीही मनातून त्यांच्याच बाजूने होते, मीठ पडलेली विहीर म्हणजे काय ते मला कळत होतं. चीफ म्हणाले, "उधाणाच्या आधी बांध झाला नाय तर मशीन आणा. मीच पुढं उभा राहून दाखवीन कुठून चालवायचं ते. आणि परत पाण्यात पाय घालणार नाय. टब माळ्यावर."

हा माणूस खाडीशिवाय काय करेल, हे देवळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हादूकाकांना सगळ्यांत जास्त. ते खाली बसले आणि म्हणाले, "उधाण चुकला तर मी तुला सोडायचा नाय." म्हणजे हो.

आमच्या गावात दोन माणसं बांधावर उभी राहिली की तिसऱ्याची निंदा सुरू होते. तिथे अख्खी वाडी चिखलात उतरून गप्प काम करत होती. मी दुकान नवऱ्यावर टाकून गोण्या भरायला गेले होते. चीफ कमरेभर चिखलात उभे, पांढऱ्या बॉयलर सुटात, आणि हातांच्या खुणांनी सगळं चालवत होते. चिरा इकडे. गोणी तिकडे. सावकाश. थांब. कुणाच्या पायावर दगड पडला तर तो माणूस तोंड उघडून ओरडल्यासारखं करी, पण आवाज काढत नसे. इतकी शिस्त आमच्या गावाने गणपतीच्या आरतीलाही कधी पाळलेली नाही.

काम निम्म्यावर आलं असताना एका दुपारी बिळाच्या तोंडाशी एक चपटं डोकं आलं. मिशा, ओले बारीक डोळे. मागून दोन लहान डोकी. सगळे जागच्या जागी थिजले. चीफांची पाठ तिकडे होती आणि त्यांना काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हादूकाकांच्या खांद्यावर चिरा होता. त्यांनी तो इतक्या हळू खाली ठेवला, जसा काही दुधाचा टोप. मग चिखलातून एकेक पाऊल काढत ते चीफांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पंजा लाटेसारखा पुढे सरकवला. खूण अगदीच ओबडधोबड होती. कधी शिकले होते कोण जाणे.

चीफ वळले. त्यांनी आधी बिळाकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं. चिखलाने भरलेली, हातांत दगड घेऊन मूर्तीसारखी उभी राहिलेली ती सगळी वाडी ते बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. मला त्या क्षणी या गावात सून म्हणून आल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नात वरात फिरली तेव्हाही वाटला नव्हता.

उधाणाच्या दिवशी दुपारी सगळे बांधावर जमलो. पाणी चढत चढत वरच्या चिऱ्याला लागलं. एका जागी पाझर आला, तिथे चीफ तळवा लावून बसले, तापलेल्या बेअरिंगवर बसावं तसे. कुणी हललं नाही. मग पाणी उतरायला लागलं. म्हादूकाका विहिरीवर गेले, कळशीभर पाणी काढलं, आधी स्वतः चव घेतली आणि कळशी चीफांपुढे धरली. "पानी गोडा हाय," एवढंच म्हणाले. चीफांनी ती कळशी अर्धी प्यायली आणि अर्धी डोक्यावर ओतून घेतली. पुढचा महिनाभर आपण बांध कसा बांधला हे त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं की ऐकणारे संपले. आम्हीही ऐकवलं, मी तर अजून ऐकवतेच आहे.

चैत्रात त्यांचं हृदय बोलायला लागलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हणून सांगितलं आणि मुलगी गाडी घेऊन आली. आदल्या दिवशी चीफांनी कयाक म्हादूकाकांच्या अंगणात नेऊन ठेवली. म्हादूकाका म्हणाले, ठेव, पण मी त्या टबात बसायचा नाय, कोंबड्या ठेवीन.

औषधं, कागद सगळं मी बघितलेलं, म्हणून चिपळूणपर्यंत मी सोबत निघाले. सकाळची वेळ. गाडी खाडीवरच्या पुलावर आली आणि चीफांनी थांबवायला लावली. मुलगी नको म्हणत होती, पण ते उतरलेच. कठड्याला धरून खाली बघायला लागले. मीही पाहिलं. भरती होती, पाणी स्थिर होतं आणि तिवरांच्या कडेला पिवळी कयाक तरंगत होती. आत म्हादूकाका. होडीत बसतात तसे गुडघे वर घेऊन, अवघडून. जाळं नाही, गळ नाही. कुठे चाललेले नव्हते. नुसते बसले होते.

चीफांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पॅडल उलटं धरलंय गाढवानं," ते म्हणाले. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या खाडीला ऐकू गेलं.

म्हादूकाकांनी वर पाहिलं नाही. तिवरांवरची नजर न हलवता त्यांनी एक हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

चीफ गप्प झाले. कठडा घट्ट धरून, ताठ उभे राहून ते खाली बघत राहिले. मुलगी गाडीतून उतरली, "बाबा, उशीर होतोय" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मी तिचा दंड धरून तिलाही गप्प केलं.